गावात सोलर येतंय म्हणे! लोक मला रोज विचारतात ते प्रश्न आणि माझी उत्तरं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीकविमा, पीएम किसानची केवायसी, दिवसभर हेच. पण दोन-तीन वर्षांपासून एक नवीनच काम मागे लागलंय, लोक थैलीतून सोलर कंपनीचे कागद काढतात, टेबलावर ठेवतात आणि म्हणतात "भाऊ, काय लिहिलं हाय यात, जरा वाचून सांग." प्रश्न सगळ्यांचे तेच तेच, म्हणून एकदाचे टाईप करून ठेवतो. मी वकील नाही, सोलरच्या विरोधात तर अजिबात नाही, माझ्या केंद्राच्या छतावर पॅनल आहेत आणि लाईट गेली तरी माझा प्रिंटर चालतो. पण गावाला काय मिळणार हे सही व्हायच्या आधी ठरतं, नंतर फक्त चकरा असतात, हे मी या टेबलावरून पाहिलंय, म्हणून लिहितोय.

हे सोलरवाले अचानक आपल्याकडेच कसे काय आले?

अचानक नाही आले. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मधली आहे आणि तिचे पहिले दोन प्रायोगिक प्रकल्प ठरले तेव्हा एक होता अण्णा हजारेंचं राळेगणसिद्धी आणि दुसरा आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी. मग २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला आणि कामाला वेग आला. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीला आले होते तेव्हा याच योजनेतल्या एकूण १९ मेगावॅटच्या पाच सोलर पार्कांचं लोकार्पण झालं.

आयडिया साधी आहे. शेतीच्या फीडरला (उपकेंद्रातून शेतीपंपांकडे जाणाऱ्या लाईनला) लागणारी वीज त्याच उपकेंद्राजवळ सोलरवर बनवायची, म्हणजे लांबून आणायला नको आणि कास्तकाराला दिवसा लाईट मिळेल. म्हणून कंपनीवाला आधी तुमचं वावर पाहत नाही, महावितरणचं ३३ केव्हीचं उपकेंद्र कुठे आहे ते पाहतो आणि मग त्याच्या चार-पाच किलोमीटरमध्ये सपाट, सलग, मुरमाड जमीन कुठे सापडते ते. आपल्याकडे ऊन फुकट आहे, जमीन पुण्या-नाशिकपेक्षा स्वस्त आहे, आणि ओलिताची सोय नसलेला कास्तकार हो म्हणायला तयार आहे. सरळ बोलायचं तर हे तिसरं कारणच मोठं.

आणि वीज बनवणं विदर्भाला काही नवीन नाही. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं, तिरोड्याचं ३३०० चं, शिवाय कोराडी, खापरखेडा, मौदा, पारस. वीज राज्यभर जाते, राख आपल्याकडे राहते. सोलरमध्ये राख नाही, धूर नाही, हा फायदा खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढचं वाचा.

पवनचक्क्या पण येणार का?

आपल्याकडे वारा कमी. त्या सातारा, सांगली, धुळ्याकडे.

वावर भाड्याने दिलं तर किती पैसे मिळतात?

सौर कृषी वाहिनीच्या दुसऱ्या टप्प्यात दर ठरवून दिलाय, वर्षाला हेक्टरी १ लाख २५ हजार किंवा रेडीरेकनरच्या (जमिनीच्या सरकारी किमतीच्या) ६ टक्के, जे जास्त असेल ते, आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. एकराचा हिशोब केला तर वर्षाला ५० हजार रुपये. ३ टक्क्याने वाढत वाढत पंचविसाव्या वर्षी हे एकरी लाखाच्या थोडं वर जातं. ऐकायला छान वाटतं, पण पंचवीस वर्षांपूर्वी पेट्रोल काय भावाने होतं ते आठवा म्हणजे तेव्हाच्या लाखाची किंमत कळेल.

हा दर त्या योजनेतल्या जमिनीसाठी आहे हे नीट लक्षात घ्या. खाजगी कंपनी मोठ्या कारखान्याला वीज विकायला स्वतःचा पार्क टाकत असेल तर तिला हा दर लागू नाही, तिथे तुम्ही जो भाव कराल तो. आमच्या भागात एजंट फिरतात ते हे दोन्ही एकच असल्यासारखं सांगतात, "सरकारी योजना आहे काका" म्हणतात आणि कागद काढला की खाजगी पार्कचा निघतो. एजंटला पहिला प्रश्न हाच विचारायचा, वीज कोण घेणार, महावितरण की दुसरं कोणी?

अजून एक हिशोब सांगतो, तो कोणी सांगत नाही. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर लागतात. एक मेगावॅट वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिट बनवतो. युनिटला ३ रुपयांच्या आसपास भाव धरला तर वर्षाला ४५ लाखांच्या वर कमाई, आणि त्यात तुमचं भाडं दोन-अडीच लाख, म्हणजे शंभरातले पाच रुपये. कंपनीने पैसा लावलाय, बँकेचं व्याज आहे, ते मान्य. पण भावाच्या वेळी एकरी दोन हजार वाढवून मागितले की एजंट जे तोंड करतो ना, तेव्हा हा आकडा डोक्यात ठेवा.

कपाशी-सोयाबीनपेक्षा परवडतं का?

कोरडवाहू असेल तर भाड्याचा आकडा मोठा आहे, खोटं कशाला बोलू. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल. कोरडवाहू एकरात पाच क्विंटल झाला आणि हमीभाव खरंच मिळाला (मिळाला तर!) तरी चाळीस हजार, आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी सगळं जायचं. सोयाबीनचा हमीभाव ५३२८, तिथे तर याहून वाईट. त्यामुळे पन्नास हजार घरबसल्या हे ऐकून कास्तकाराचा जीव हलतो, त्यात त्याची काय चूक?

पण वावर एकट्या मालकाचं पोट भरत नाही. त्याच वावरात आठ-दहा बाया निंदायला येतात, दिवाळीपासून पुढे वेचणीला येतात, कोणीतरी मक्त्याने किंवा बटईने ते वाहत असतो, आणि या लोकांचं नाव सातबारावर नाही, मग करारात कुठून येणार. आमच्या गावातली एक काकू माझ्याकडे निराधारचा फॉर्म भरायला आली होती, तिला सहज विचारलं यंदा वेचा कसा आहे, तर म्हणे "बापा, ज्या तीन वावरात मी जात होती ते तिन्ही काचेखाली गेले, आता आटो करून दुसऱ्या गावाले जातो, वीस रुपये जायचे वीस यायचे." मालकाला भाडं वाढलं आणि काकूची रोजची मजुरी चाळीस रुपयांनी कमी झाली, कागदावर मात्र गावात गुंतवणूक आली.

ओलिताचं वावर, संत्र्याची बाग असेल तर देऊ नका. हे माझं मत आहे, नियम नाही.

कराराचे कागद इंग्रजीत आहेत, सही करू का?

नका करू. मराठीत मागा. देत नाही म्हणाले तरी मागा.

मागच्या उन्हाळ्यात एक आजोबा आले, सोबत नात, बारावीतली. थैलीतून निघाला ३० च्या वर पानांचा करार, सगळा इंग्रजीत, पिवळ्या चिकटपट्ट्या लावून ठेवलेल्या की इथे इथे सही. आजोबांना एवढंच सांगितलेलं की एकरी पन्नास आणि पंचवीस वर्षं. नात एक एक ओळ वाचत होती आणि मी मोबाईलवर अर्थ काढत होतो, दीड तास गेला आमचा. त्यात निघालं की भाडं सही झाल्यापासून नाही तर वीज विकायला सुरुवात झाल्यापासून चालू होणार आणि तोपर्यंत दोन वर्षं नुसतं टोकन. कंपनी हा करार दुसऱ्या कोणत्याही कंपनीला आजोबांना न विचारता देऊ शकते. जमिनीवर बँकेचा बोजा चढवायला आजोबांनी आत्ताच संमती दिली असं समजायचं. आणि भांडण झालं तर निकाल लागणार दिल्लीत. आजोबा सगळं ऐकून शांत बसले, मग नातीला म्हणाले, "मले वाटलं मी वावर देऊन राहिलो, हे तर मलेच घेऊन चालले." मी हसलो, ती पोरगी नाही हसली.

तर पाहायचं ते हे: भाडं कोणत्या तारखेपासून, काम रखडलं तर काय, करार दुसऱ्याला देता येतो का, बोजा कोणाच्या हक्कावर चढणार, भांडण कोणत्या कोर्टात (आपल्या जिल्ह्यात लिहून घ्या), आणि मुदत संपल्यावर लोखंड-काँक्रीट कोण काढणार. एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदणी केल्याशिवाय चालत नाही, त्यामुळे नुसत्या स्टॅम्पपेपरवर काम उरकत असतील तर तिथेच थांबा. नोंदणी झाली की सातबाराच्या इतर हक्कात नोंद येते ती पण तपासा.

आणि घरच्यांच्या सह्या. सातबारावर भाऊ-बहिणी सामाईक असतील तर सगळ्यांची सही लागते. २००५ पासून मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे, "ताई काही म्हणणार नाही" हे वाक्य एकरी पन्नास हजार म्हटलं की टिकत नाही, असं मी दोन घरांत पाहिलं.

जमीन आदिवासीची किंवा वर्ग-२ ची असेल तर?

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला किंवा कंपनीला अशी सरळ देता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आहे, जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते आणि पट्टा पाच वर्षांच्या वरचा असेल तर राज्य सरकारची मान्यता पण. सोलरचा करार पंचवीस वर्षांचा, म्हणजे समजून घ्या. भोगवटादार वर्ग-२ ला (सरकारने अटी घालून दिलेली जमीन) पण परवानगी पाहिजे. वर्धा-यवतमाळकडे भूदानाची जमीन बरीच आहे, विनोबांचं पवनार इथलंच, ती जमीन ज्याला मिळाली त्याने कसायची असते, एजंटच्या बोलण्यात येऊन तिचा व्यवहार करू नका.

गडचिरोलीसारख्या पेसा (आदिवासी भागासाठीचा पंचायत कायदा) लागू असलेल्या भागात ग्रामसभेचा अधिकार मोठा आहे, आणि सामूहिक वनहक्क मिळालेलं जंगल असेल तर वनहक्क कायदा २००६ गावाच्या बाजूने आहे. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये तो हक्क मिळवून दाखवला, तिथली माणसं कागद वाचूनच बोलतात.

कंपनी जनसुनावणी कधी घेणार?

घेणार नाही. हे बऱ्याच सरपंचांना माहीत नसतं. वणी-चंद्रपूरकडे कोळसा खाण यायची असली की पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी घ्यावीच लागते, मंडप टाकतात, अधिकारी येतात, लोक माईकवर शिव्या घालतात, सगळं रेकॉर्ड होतं. सोलर पॅनलच्या प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेखालची ती पर्यावरण मंजुरी लागतच नाही, म्हणून जनसुनावणी पण नाही. प्रदूषण कमी आहे म्हणून सूट दिली, कारण समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे होतं काय की गावाला बोलायची जी एक जागा असते ती जाते.

मग जागा उरते ग्रामसभा. वर्षाला किमान चार होतात, बहुतेक गावांत पंधरा मिनिटांत आटोपतात आणि रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतात. प्रकल्पाची कुणकुण लागली की विषय अजेंड्यावर लेखी टाकायला लावा आणि ठरावात अटी शब्दन् शब्द लिहून घ्या. पांदण मोकळी राहील, पाणी गावाच्या विहिरीवरून उचलणार नाही, कामाला आधी गावचे लोक, नाल्याचा प्रवाह बुजवणार नाही. "ना हरकत देण्यात यावी" एवढ्या एका ओळीचा ठराव म्हणजे कोरा चेक.

ग्रामपंचायतीला काय मिळतं?

सौर कृषी वाहिनीत प्रकल्प असेल तर ग्रामपंचायतीला दरवर्षी ५ लाख असं तीन वर्षं, म्हणजे एकूण १५ लाख अनुदान आहे. प्रकल्प पंचवीस वर्षांचा आणि अनुदान तीन वर्षांचं, हे पण बघा. आपल्याकडच्या हजार-दीड हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीला ५ लाख म्हणजे मोठी रक्कम, घरपट्टी-पाणीपट्टी वसूल करता करता ग्रामसेवकाची चप्पल झिजते आणि तरी दोन लाख होत नाहीत. पण ते पैसे आले की काय होतं, कमान, पेव्हर ब्लॉक आणि नावाची पाटी! माझ्या मते पहिल्या वर्षीच नळयोजनेच्या पंपावर आणि शाळेवर सोलर टाकावं, कारण पाणीपुरवठ्याच्या थकीत बिलापायी लाईन कापली की बाया पुन्हा हंडे घेऊन विहिरीवर, दर उन्हाळ्यात तेच.

कराचा विषय वेगळा. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ मध्ये इमारत आणि जमिनीवर कर लावायचा अधिकार आहे. प्रकल्प कोणत्या योजनेत बसतो त्यावर सूट आहे की नाही ते ठरतं, आणि सूट असली की ती शासन निर्णयात लिहिलेली असते. त्यामुळे कंपनीचा माणूस "आम्हाला टॅक्स माफ आहे" म्हणाला की भांडू नका, शांतपणे म्हणा, जीआरची प्रत द्या आणि कुठल्या मुद्द्यात लिहिलंय तिथे पेनने खूण करा. आमच्या शेजारच्या पंचायतीने हे केलं तर साहेब "उद्या आणतो" म्हणून गेले ते चार महिने आलेच नाहीत, मग कंट्रोल रूम आणि कंपाऊंडची आकारणी झाली आणि पैसे भरले पण.

कंपनी मोठी आहे, सीएसआर तर देईलच ना?

इथे खूप लोक फसतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे सीएसआर (नफ्यातून समाजासाठी करायचा खर्च) त्या कंपनीला लागतो जिची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे, आणि मग तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा. आता टीव्हीवर जिची जाहिरात पाहता ती कंपनी वेगळी आणि तुमच्या वावराच्या करारावर जिचं नाव आहे ती वेगळी. करारावर एक नवीन काढलेली छोटी कंपनी असते, फक्त त्याच प्रकल्पासाठी बनवलेली, लांबलचक नावाची. तिला सुरुवातीची वर्षं कर्जाचे हप्तेच असतात, नफा दाखवायला वेळ लागतो, म्हणून कायद्याने सीएसआर बसतच नाही. "सीएसआरमधून शाळेला डिजिटल बोर्ड देऊ" हे तोंडी आश्वासन म्हणजे हवा, द्यायचं असेल तर करारात किंवा ठरावात रक्कम आणि तारीख टाका.

कोळशाच्या गावांना जसा खनिज निधी मिळतो तसा सोलरमध्ये नाही का?

नाही, आणि मला वाटतं पुढच्या वीस वर्षांत विदर्भाच्या जिल्ह्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच राहणार आहे. कोळशावर सरकारला १४ टक्के रॉयल्टी मिळते, आणि जुन्या खाणपट्ट्यांना त्या रॉयल्टीच्या ३० टक्क्यांएवढी, नव्या लिलावातल्यांना १० टक्क्यांएवढी रक्कम वेगळी जिल्हा खनिज प्रतिष्ठानमध्ये टाकावी लागते. ती रक्कम चंद्रपूर, नागपूर, यवतमाळमध्ये दवाखाना, पाणी, रस्ते, शाळा यावर लागते. नीट लागते की नाही तो वेगळा राग आहे, पण हक्काचा पैसा तरी आहे ना.

उन्हावर रॉयल्टी नाही. खाण बंद झाली की रॉयल्टी थांबली, प्रतिष्ठानचा पैसा थांबला, खाणीबाहेरचे ट्रक, गॅरेज, खानावळी, टपऱ्या थांबल्या, आणि त्या जागी आलेल्या सोलरमधून जिल्ह्याला तसं काहीच ठरलेलं येत नाही. मी काही कोळसा चालू ठेवा म्हणत नाही, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात एक रात्र काढा मग बोलू. फक्त एवढंच की कोळसा जाताना गावाचा वाटा पण त्याच्यासोबत गेला तर लोक हिरव्या ऊर्जेला टाळ्या का वाजवतील? याचा निर्णय आपल्या ग्रामसभेत होत नाही, विधानसभेत होतो, मत मागायला येतील तेव्हा विचारा.

ई-क्लास, गायरान, झुडपीवर पॅनल लावू शकतात का?

सरकारी जमीन नाममात्र भाड्याने प्रकल्पाला द्यायची सोय योजनेत आहे आणि सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. ई-क्लासची, म्हणजे गावाच्या पडीक-चराईच्या जमिनीची, मालकी सरकारची असली तरी वापर गावाचा. कागदावर ती पडीक असते, पण सकाळी सात वाजता जाऊन पहा, गायकी दीडशे ढोरं घेऊन तिथेच उभा असतो. शेळ्या तिथे चरतात, सरपण तिथून येतं, आणि काही भूमिहीन घरं वीस-तीस वर्षांपासून तिथे ज्वारी-तूर पेरून खातात, अतिक्रमण म्हणून का होईना. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी वाचवायला सांगितलं आणि राज्य सरकारने त्याच वर्षी १२ जुलैला जीआर काढला. त्याची प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.

पूर्व विदर्भात झुडपी जंगल हा अजून वेगळा गुंता. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की झुडपी म्हणजे वनजमीनच. म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत अशा जमिनीवर काही करायचं तर वन कायद्याची मंजुरी आली. कोणी "पडीकच आहे ना" म्हणाला तर आधी सातबारा काढा, तीस रुपयांच्या आत काम होतं.

पोरांना नोकरी लागेल का?

बांधकामाच्या सहा-आठ महिन्यांत काम भरपूर, खड्डे, वेल्डिंग, पॅनल उचलणं. त्यातही कुशल काम बाहेरची टीम करते. नंतर पाच मेगावॅटला वॉचमन, गवत कापणारा, पॅनल धुणारा धरून चार-सहा लोक. म्हणून नोकरीच्या आशेवर ठराव देऊ नका. आयटीआय झालेली पोरं असतील तर त्यांना देखभालीच्या कामात घ्या अशी अट टाका, इन्व्हर्टर कळला की ते काम पुढे कुठेही मिळतं.

पॅनल धुवायला पाणी कुठून आणतात?

चांगला प्रश्न, आणि मार्चनंतर विचारण्यात अर्थ नाही. एका मेगावॅटला ५५० वॅटचे साधारण १८०० पॅनल. एका पॅनलला दोन-अडीच लिटर धरलं तरी एका धुण्याला साडेतीन-साडेचार हजार लिटर, म्हणजे एक टँकर. पाच मेगावॅटला पाच टँकर, महिन्यातून दोनदा. कॅनॉलच्या गावाला हे काहीच नाही, पण जिथे एप्रिलमध्ये माणसांनाच टँकर लागतो तिथे कंपनीने स्वतःच्या प्लॉटमध्ये बोअर मारला की शेजारच्या विहिरीवाल्याचा जीव खालीवर होणारच. पावसाचं पाणी साठवायला शेततळं करा ही अट घालता येते. पाण्याशिवाय ब्रशने साफ करणारी मशीन पण असते, मोठ्या पार्कात वापरतात.

कंपाऊंडमुळे रस्ता बंद झाला, काय करू?

हे माझ्या घरचंच आहे. माझ्या काकाचं वावर प्लॉटच्या पलीकडे. मधून जुनी पांदण, नकाशात पण आहे, पण वापरून वापरून अरुंद झालेली. कंपनीने जाळी मारताना ती वळवून दिली म्हणाले, वळवली ती नाल्याच्या काठाने. उन्हाळ्यात ठीक वाटलं. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीला परतीचा पाऊस आला आणि त्या वळणावर बंडी रुतली ती रुतलीच, बैल गुडघ्यापर्यंत, शेवटी पोत्याने पोतं डोक्यावर आणलं, बावीस पोती, आणि गेटवरचा वॉचमन पोरगा आमच्याच गावचा, तो आतून बघतोय, त्याला गेट उघडायची परवानगी नाही. बिचारा शेवटी ड्युटी संपल्यावर चार पोती उचलू लागला.

तहसीलदाराकडे अर्ज टाकला, मोजणी झाली, सहा महिन्यांनी जाळी नऊ फूट मागे गेली. आधी नकाशा घेऊन उभे राहिलो असतो तर जाळी मारायच्या दिवशीच झालं असतं.

जाळीची अजून एक गंमत, रोही आणि रानडुकरांचा जुना रस्ता अडला की ते बाजूच्या वावरातून घुसतात. ज्याने जमीन दिली नाही त्याचा हरभरा जातो, आणि भाडं शेजाऱ्याला.

दिवसा लाईट खरंच मिळते का?

जिथे फीडर सोलरवर गेला तिथे फरक पडलाय, हे मी स्वतः सांगतो. ज्याने डिसेंबरच्या थंडीत रात्री दोनला उठून हरभऱ्याला पाणी दिलंय, बॅटरीच्या उजेडात साप पाहिलाय, आणि ताडोबाकडच्या भागात तर वाघ, त्याला दिवसाची लाईट म्हणजे काय ते विचारा. या एका कारणासाठी मी या योजनेच्या बाजूने आहे. पण प्रकल्प तुमच्या गावात म्हणून लाईट तुमच्याच फीडरला असं नसतं, उपकेंद्रावरून कोणते फीडर जोडणार ती यादी महावितरणला मागा, माहिती अधिकारात १० रुपयांत मिळते.

माझ्या वावरातून टॉवर लाईन जाणार आहे, नाही म्हणू शकतो का?

अडवणं कठीण, कारण १८८५ च्या तार कायद्याचे अधिकार लाईनवाल्यांना दिले जातात आणि जमीन संपादन न करता टॉवर उभा राहतो. मोबदल्यावर मात्र बोलता येतं. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के असं आहे. पिकाचं आणि झाडांचं नुकसान वेगळं. काम सुरू व्हायच्या आधी पंचनामा आणि फोटो, तारखेसकट.

तलावावर तरंगतं सोलर आलं तर मासेमारीचं काय?

जमीन वाचते, पण भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावावर ढीवर समाजाच्या सोसायट्यांची पोटं आहेत. किती पाणी झाकणार, जाळं टाकायला किती मोकळं, ठेक्याची रक्कम कमी होणार का, हे सोसायटीच्या नावाने लेखी घ्या. जमीनवाल्याला भाडं मिळतं, पाण्यावर जगणाऱ्याला सातबारा नसतो.

सोलरमुळे पाऊस पळतो का हो?

नाही. पवनचक्क्या आल्या तेव्हा पण ढग पळवतात म्हणत होते.

भाड्यावर टॅक्स लागतो का?

ही शेतीची कमाई नाही, त्यामुळे शेती उत्पन्नाची सूट नाही. इतर उत्पन्न धरून मर्यादेच्या वर गेलं तर इन्कम टॅक्स भरा, आणि टॅक्स भरला की पुढे पीएम किसान बंद होतं. दोन हजारांसाठी रडायची गरज नाही, पण आधी माहीत असलेलं बरं. पॅनलखालच्या जमिनीवर पीकविमा काढू नका, दोघंजण आले होते माझ्याकडे, मी परत पाठवले.

पंचवीस वर्षांनी त्या काचांचं काय होणार?

ई-कचरा नियम २०२२ मध्ये सोलर पॅनल घेतलेत, एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, म्हणजे ते भंगारवाल्याला द्यायचे किंवा नाल्यात टाकायचे नाहीत. पण नियम पॅनल बनवणाऱ्यासाठी आहे. तुमच्या वावरात जमिनीत गाडलेले हजारो लोखंडी खांब आणि काँक्रीट कोण उपटणार हे तुमच्या कराराने ठरणार. त्या आजोबांच्या करारात आम्ही तीन ओळी वाढवून घेतल्या, की कंपनी स्वखर्चाने सगळं काढेल, खड्डे बुजवून नांगरता येईल अशी जमीन देईल, आणि त्यासाठी ठराविक रक्कम आधीच बँकेत ठेवेल. कंपनीने पहिल्या दोन मानल्या, तिसरी मानली नाही. आजोबांनी अजून सही केलेली नाही, यंदा तूर पेरली आहे.